बाहेरच्या पंपाची कैफियत

मी गाडीचे इंजिन थंड ठेवणारा एक जुना वॉटर पंप आहे, आणि मी डुप्लिकेट नाही. मित्रांनो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, कारण माझी ओळख करून देणारे लोक नेमके तिथेच घसरतात. 'डुप्लिकेट पंप', 'लोकल माल', 'बाहेरचा पार्ट' अशी मला मिळालेली नावे आहेत. त्यातले 'बाहेरचा' एवढेच खरे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात मी जन्मलो नाही, बाहेर जन्मलो. त्यात लाजण्यासारखे काय आहे? तुम्हीही तुमच्या शाळेच्या बाहेरच जन्मलात, तरी शाळा तुम्हाला डुप्लिकेट विद्यार्थी म्हणत नाही.

डुप्लिकेट म्हणजे जो दुसऱ्याचे नाव लावून फिरतो तो. माझ्या अंगावर माझ्याच कारखान्याचे नाव आहे, चांगले ठसठशीत, आणि त्याच्या शेजारी मी बनलो तो महिना आहे. मी कुणाचे सोंग घेतले नाही. मला कुणाची दयाही नको. माझी बाजू मात्र तुम्ही पूर्ण ऐकून घ्यावी, अर्धवट ऐकून उठू नये.

माझा कारखाना म्हणजे एका गल्लीच्या टोकाची पत्र्याची शेड. बारा माणसे, तीन लेथ, एक भट्टी आणि पाण्याची एक काचेची टाकी. भट्टीत वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतले आणि माझे अंग तयार झाले. लेथवाल्या काकांनी मला आतून घासून गुळगुळीत केले. मग माझ्यात पोलादी दांडा बसवला, दांड्यावर बेअरिंग, बेअरिंगच्या मागे पाणी अडवणारे सील आणि टोकाला पाणी ढकलणारी बिडाची चकती. चकती बिडाची, प्लास्टिकची नव्हे, हे जरा ध्यानात घ्या.

त्या काचेच्या टाकीजवळ एक बाई बसत. सगळे त्यांना बुडबुडा मावशी म्हणत. त्या प्रत्येक पंपात हवा भरून त्याला पाण्यात बुडवत आणि ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत आकडे मोजत टक लावून पाहत. तेवढ्यात कुणी बोलायला गेले की डोळे वटारत आणि पुन्हा एकपासून सुरुवात करत. माझ्या आधीच्या पंपातून एक बुडबुडा वर आला. मावशींनी तो पंप उचलून सरळ भट्टीकडच्या ढिगात टाकला.

मालक हळहळले. "मावशी, एकच तर बुडबुडा होता."

"एकच तर? अहो, गाडीत पण ते एकेक करूनच येतात."

"पण गिऱ्हाइकाला काय कळणार आहे?"

"गिऱ्हाइकाला नाही कळणार. मला कळलंय ना!"

 मग माझी पाळी आली. मावशींनी माझ्यासाठी तीस आकडे मोजले आणि वर पाच जास्तच मोजले. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी मला फडक्याने पुसले आणि माझ्यावर नाव ठोकायला पाठवले. माझ्याकडे दुसरे कुठले प्रमाणपत्र नाही, पण हे मला पुरते.

आता माझ्या अंगातली एक खास गोष्ट सांगतो. पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. माझ्या पोटाखाली एक बारीक भोक आहे, तांदळाचा दाणा जेमतेम जाईल एवढे. ते चुकून पडलेले नाही, मुद्दाम पाडलेले आहे. सील आणि बेअरिंग यांच्या बरोबर मध्ये ते असते. सील कधी ना कधी झिजतेच. झिजले की पाणी पुढे सरकते. ते बेअरिंगमध्ये शिरले तर बेअरिंगचे ग्रीस धुऊन जाते आणि माझा कारभार आटोपतो. म्हणून त्या पाण्याला बाहेर पडायला ही वाट ठेवलेली असते. पाणी भोकातून टपकते, गाडीखाली ओल दिसते, मालक समजतो की पंप बदलायची वेळ आली. ते भोक म्हणजे माझे तोंड आहे. एरवी मी मुका. नवेपणी, सील बसेपर्यंत, एखाद दिवस दोन-चार थेंब पडतात, मग थांबतात. कंपनीच्या पंपालाही अगदी असेच भोक असते, आणि तोही नवेपणी असाच दोन-चार थेंब गाळतो. त्याचे मात्र कुणी नाव घेत नाही.

कारखान्यातून मी पार्टच्या दुकानात गेलो. तिथल्या फळीवर बसून मी माणसांची गंमत पुष्कळ पाहिली. गिऱ्हाईक आले की दुकानदार विचारायचा, "ओरिजिनल देऊ, बाहेरचा देऊ, की ओरिजिनलसारखा देऊ?" हा तिसरा प्रकार म्हणजे खरा डुप्लिकेट. कुठे बनला, कुणी बनवला, कुणालाच ठाऊक नाही, पण खोका मात्र हुबेहूब कंपनीचा. वर चकाकणारे स्टिकर. त्या खोक्यांसमोर लोक अगदी हरखून जायचे आणि माझ्या साध्या तपकिरी खोक्याकडे पाहून नाक मुरडायचे.

एके दिवशी दुकानात एक वयस्क गॅरेजवाले आले. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आतला आवाज ऐकत, म्हणून त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला कायम ग्रीसचा डाग असे. त्यांना एका जुन्या व्हॅनसाठी पंप हवा होता. दुकानदाराने आपला ठरलेला प्रश्न विचारला.

वस्ताद म्हणाले, "तो तिसरा आधी नजरेसमोरून उचल. ओरिजिनल आहे का?"

"या मॉडेलचा आता ठेवत नाही कुणी. कंपनीकडे मागवावा लागेल. तीन आठवडे धरा."

"मग बाहेरचे सगळे काढ."

दुकानदाराने चार पंप समोर ठेवले. वस्तादांनी एकेकाचा दांडा बोटाने फिरवला, अंगठ्याने हलवून पाहिला, चकतीवर नख वाजवले. पहिल्यात खडे फिरल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याची चकती प्लास्टिकची निघाली. तिसऱ्यावर बनवणाऱ्याचे नावच नव्हते. वस्ताद त्याला म्हणाले, "तू कुणाचा रे बाबा? नाव सांगायला लाजतोस, तर काम काय करणार?" मग त्यांनी मला उचलले. माझा दांडा फिरला तो बिनआवाज फिरला. त्यांनी नाव वाचले, महिना वाचला, भोक पाहिले आणि म्हणाले, "हा दे." दुसऱ्यांदा कुणीतरी मला नीट पाहिले होते.

ती व्हॅन एका ताईंची होती. किडनीचा आजार असलेल्या माणसांना आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम त्या करत. आणखी दहा-बारा जण आपापल्या व्हॅन घेऊन हेच काम करत, आणि त्या सगळ्यांच्या गाड्या वस्तादांकडेच येत. या कामात खाडा चालत नाही. मशीनवरची वेळ चुकली की माणसाच्या अंगात पाणी साठते, श्वास लागतो. ताई म्हणूनच फार जपून वागत. रोज सकाळी गाडी हातभर पुढे घेऊन, खाली उतरून, उभी होती त्या जागेवर काही सांडले आहे का ते वाकून पाहत. ही सवय त्यांना वस्तादांनी लावली होती. तसे पाहूनच त्यांना जुन्या पंपाचे थेंब वेळेवर दिसले होते.

तो जुना पंप कंपनीचा होता. नऊ वर्षे चालून थकला होता. त्याची माझी भेट वस्तादांच्या टेबलावर झाली. इमानाने काम करून, वेळेवर इशारा देऊन तो बाहेर पडला होता. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. माझे भांडण ओरिजिनलशी कधीच नव्हते.

भांडण होते ते ताईंच्या धाकट्या भावाशी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो काउंटरवर बसे. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर कंपनीचे चिन्ह, खिशात दोन पेन. व्हॅनवाले त्याला साहेब म्हणत. कुठल्याही पार्टचा नंबर तो झोपेतून उठून सांगू शकला असता, पण पान्हा त्याने हातात धरलेला कुणी पाहिला नव्हता. मला बसवायच्या वेळी तो तिथे हजर झाला.

"वस्ताद, माझ्या बहिणीच्या गाडीला डुप्लिकेट लावताय?"

"डुप्लिकेट नाही, बाहेरचा आहे. कारखाना माहितीतला आहे."

"एकच ते. मी ऑर्डर टाकलीये. तीन आठवडे गाडी उभी राहू दे."

ताई म्हणाल्या, "आणि माझी माणसं? त्यांना काय सांगू, तीन आठवडे आजारी पडू नका?"

"ताई, रस्त्यात बंद पडली तर माझ्याकडे येऊ नकोस."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "साहेब, इंजिनच्या आतला तो टायमिंगचा पट्टा मी कंपनीचाच घालतो. ब्रेकच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकतच नाही. जिथे कंपनीचाच पाहिजे तिथे मी स्वतः सांगतो. पण पंप चांगला बनवणारे बाहेरही आहेत. या पंपाची जबाबदारी माझी. काही झालं तर माझं नाव घ्या."

हे वाक्य, मित्रांनो, वस्तादांना पुढे फार महाग पडले.

मी व्हॅनमध्ये बसलो. त्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते, त्यामुळे वर चाललेल्या गप्पा मला सगळ्या ऐकू येत. पुढच्या सीटवर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर बसत. गाडी सुरू झाली की ते सीटवर थाप मारत आणि म्हणत, "चला, आमचं रक्त धुवायला टाकायचंय." पहिल्याच दिवशी त्यांनी कान देऊन ऐकले आणि ताईंना म्हणाले, "नवा गडी गुपचूप काम करतोय हो." मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भोकातून दोन थेंब पडले. नवेपणीचे, ठरल्याप्रमाणे. ताई अजून वर घरात किल्ली शोधत होत्या. ओटीवर भाऊ उभा होता. त्याने ते थेंब पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. बहिणीची गाडी गळते याचा आनंद नव्हता तो, आपले म्हणणे खरे ठरल्याचा होता. तो शर्ट सांभाळत वाकला, मोबाइलचा उजेड पाडला आणि त्याला माझे भोक दिसले. "बघा, ओततानाच भोक राहिलंय," तो स्वतःशीच पुटपुटला. ताईंना उगाच काळजी नको म्हणून त्याने त्यांना हाक मारली नाही. पाण्याची टाकी गळू लागली की लावतात ती दोन रंगांची पुट्टी घरात होती. ती त्याने बोटांनी मळली आणि माझ्या भोकात अंगठ्याने दाबून भरली. मग हात धुऊन, पेन खिशात नीट लावून, तो कामावर गेला.

त्याच्या मनात वाईट नव्हते. बहिणीवर त्याचा जीव होता. पण मी त्याला तेव्हाही माफ केले नाही. अरे, तू रोज शेकडो पार्टचे नंबर लिहितोस, मग एका भोकाबद्दल एकदा कुणाला विचारायला काय हरकत होती? सर्व्हिस सेंटरमध्ये आतल्या बाजूला पंधरा मेकॅनिक काम करत होते. काउंटरवरून उठून चार पावले चालायची होती फक्त.

थेंब थांबले. ते तसेही थांबणार होते. भाऊ मात्र स्वतःवर खूश झाला आणि आठवड्याभरात सगळे विसरूनही गेला. तीन आठवड्यांनी कंपनीचा पंप आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "आता हा छान चाललाय, कशाला उघडायची गाडी?" भावाने तोंड वाकडे केले आणि पंप परत पाठवला.

त्यानंतर मी दोन वर्षे आणि वर सात महिने काम केले. हे मी मिरवायला सांगतो आहे आणि मला मिरवायचा हक्क आहे. उन्हाळ्यात रस्त्यावरचे डांबर मऊ पडले तेव्हा मी पाणी फिरवत होतो. गाड्यांच्या रांगेत तासतास अडकलो तेव्हा फिरवत होतो. एकदाही इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला नाही. ताई रोज सकाळी वाकून पाहत आणि जागा कोरडी दिसली की निश्चिंत होत. दुसरे व्हॅनवाले विचारत, तेव्हा त्या सांगत, "वस्तादांनी बसवलाय, बघायलाच नको."

मग माझे सील झिजले. सगळ्यांचेच झिजते. पाणी पुढे सरकले, भोकापाशी आले, आणि तिथे दगडासारखी पुट्टी. मी सांगू पाहत होतो, पण सांगणार कुठून? पाणी तसेच पुढे गेले आणि बेअरिंगमध्ये शिरले. ग्रीस धुतले गेले, गंज धरू लागला. वर ताई रोज वाकून पाहत होत्या आणि जागा रोज कोरडी होती. मित्रांनो, त्या दिवसांत माझा जो जळफळाट झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. ज्या बाईने पाहण्यात एक दिवस चुकवला नाही, तिच्याशीच मला खोटे बोलायला लावले होते.

एके दिवशी माझ्यातून खरखर ऐकू येऊ लागली. ताईंच्या लक्षात आले. "शनिवारी वस्तादांना ऐकवते," त्या मास्तरांना म्हणाल्या. तो शनिवार माझ्या वाट्याला आला नाही. गुरुवारी, पुलाच्या मध्यावर, माझा दांडा डगमगला आणि मला फिरवणारा पट्टा उडाला. पाणी भसकन बाहेर आले, वाफ झाली, काटा लाल खुणेपलीकडे गेला. ताईंनी लगेच इंजिन बंद केले म्हणून ते वाचले. गाडीत तिघे जण होते. दोघांना मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये जागा मिळाली. मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो दुसऱ्या गाडीने." ती दुसरी गाडी यायला दीड तास लागला. तोवर मशीनवरची त्यांची वेळ गेली होती. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली, पण त्याआधीच त्यांना धाप लागली. चार दिवस त्यांना ऑक्सिजन लावून दवाखान्यात ठेवावे लागले.

भाऊ धावत दवाखान्यात आला. फाटकाबाहेर, जिथे सगळ्या व्हॅन उभ्या असतात, तिथे तो मोठ्याने बोलला.

"डुप्लिकेट पंप! मी तेव्हाच सांगितलं होतं. त्या वस्तादानं माझ्या बहिणीला फसवलं. मास्तरांचं काही बरंवाईट झालं असतं तर? तुम्ही पण त्यांच्या नादी लागू नका. आपापल्या गाड्या तपासून घ्या."

व्हॅनवाले एकमेकांकडे पाहू लागले. दवाखान्यात एक माणूस नळ्या लावून पडलेला असताना कोण धोका पत्करणार? एकेक गाडी वस्तादांकडे जायची थांबली. महिन्याभरात त्यांच्या गॅरेजमध्ये दोन स्कूटर आणि एक बंद पडलेला टेम्पो एवढेच उरले. चाळीस वर्षांचे नाव एका दुपारी फाटकाबाहेर बुडाले, आणि ते माझ्यामुळे बुडाले असे सगळे म्हणत होते. पार्ट म्हणून मला लाज वाटायला हवी होती. मला लाज वाटली नाही, संताप आला.

सर्व्हिस सेंटरमध्ये ताईंच्या गाडीला कंपनीचा पंप बसला. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. काढलेला जुना पार्ट नव्या पार्टच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाला परत देतात. त्यामुळे मी कंपनीच्या चकाकत्या खोक्यात बसून ताईंच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटे नाव मिळाले, तेही मेल्यावर. चपलांच्या कपाटावर मी तसाच पडून राहिलो. वस्तादांचे फोन येत, ताई उचलत नसत. रागाने नव्हे. काय बोलावे तेच त्यांना सुचत नव्हते.

एका रविवारी सकाळी वस्ताद स्वतःच आले. धुतलेला शर्ट, पण कानाच्या पाळीवरचा डाग तसाच. भाऊही घरी होता.

"ताई, मी भांडायला आलो नाही," ते दारातूनच म्हणाले. "मला तो पंप बघायचाय."

भाऊ म्हणाला, "आता बघून काय, जिवंत करणार आहात त्याला?"

"नाही हो. मेला कशानं तेवढं कळू दे. जबाबदारी मी घेतली होती ना? मग चूक पण मला दिसायला पाहिजे."

ताईंनी खोका आणून टेबलावर ठेवला आणि खाली वर्तमानपत्र पसरले. वस्तादांनी मला बाहेर काढले. दांडा फिरवला, तो लटपटला आणि तांबूस पाणी ठिबकले. "बेअरिंगमध्ये पाणी गेलंय," ते म्हणाले. "पण गेलं कसं? आधी बाहेर यायला पाहिजे होतं." बोलता बोलता त्यांचा अंगठा माझ्या पोटाखाली गेला आणि तिथेच थबकला. त्यांनी मला उलटे केले. डोळ्यांजवळ नेले.

"ताई, एक सेफ्टी पिन द्या."

पिनेच्या टोकाने ते खरवडू लागले. राखाडी भुगा वर्तमानपत्रावर पडला. मग एक अख्खा तुकडा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यामागून अडलेल्या गढूळ पाण्याचा एक थेंब.

वस्तादांनी ते भोक कशासाठी असते ते दोघांना समजावून सांगितले. मग म्हणाले, "कारखाना हे भोक पाडतो, बुजवत नाही. आणि मी चाळीस वर्षांत एकदाही बुजवलेलं नाही."

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे थेंब पडले असते?"

"महिनाभर तरी आधी पडले असते."

"मी रोज बघत होते, वस्ताद. रोज. एक थेंब नव्हता."

"नसणारच. तुमची काही चूक नाही."

वस्तादांनी 'कुणी बुजवलं' असे विचारलेच नाही. त्यांनी मला खोक्यात ठेवले, पिन ताईंना परत दिली आणि ते उठले. भाऊ खिडकीपाशी उभा होता. तो स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होता. त्याला आठवले होते. मला ते दिसत होते आणि मला ओरडता येत नव्हते. तो गप्प बसला असता तर कुणाला कधीच कळले नसते. पुट्टी कुणाचीही असू शकते. वस्ताद दारात पोचून चपला घालू लागले.

"थांबा, वस्ताद," भाऊ म्हणाला. "ते मी बुजवलं. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, माल खराब आहे."

 ताईंनी भावाकडे पाहिले. "मास्तरांना चार दिवस ऑक्सिजन लागला," एवढेच त्या म्हणाल्या.

भाऊ पुढे आला. "वस्ताद, मी तुमची माफी..."

"इथे नको," वस्तादांनी त्याला अडवले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "इथे आपण तिघंच आहोत. माझं नाव तुम्ही फाटकापाशी घालवलंत. जे काय सांगायचं ते तिथे सांगा."

दुसऱ्या दिवशी भाऊ फाटकापाशी आला. अंगावर तोच कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मी, आणि यावेळी खोक्याबाहेर. मास्तर घरी परतले होते आणि त्या दिवशी ताईंच्या व्हॅनमधूनच आले होते. ते पुढच्या सीटवर काच खाली करून बसले होते. व्हॅनवाले जमले. भाऊ आधी अडखळला, मग त्याने सगळे सांगितले. थेंब, पुट्टी, अंगठा, काहीच वगळले नाही.

"पंप चांगला होता. वस्तादांचं काम चांगलं होतं. चूक माझी, आणि मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

गर्दीतल्या एका मिशीवाल्याने विचारले, "साहेब, तुमच्या ओरिजिनल पंपाला पण असतं का असलं भोक?"

 भावाला पंपाचा नंबर माहीत होता, उत्तर माहीत नव्हते. मग त्याने खिशातले दोन्ही पेन काढून ताईंच्या हातात दिले आणि तो त्या पांढऱ्या शर्टानिशी रस्त्यावर आडवा झाला. पाठीवर सरकत ताईंच्या व्हॅनखाली गेला. बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत होते.

"आहे!" आतून आवाज आला. "अगदी असंच आहे!"

मिशीवाला आपल्या व्हॅनकडे गेला आणि तोही खाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते. "माझं तर बुजवलेलं आहे," तो म्हणाला. "मीच बुजवलं होतं. गेल्या वर्षी. कंपनीचा पंप आहे माझा." मग दुसरा खाली शिरला, तिसरा शिरला. दहा गाड्यांपैकी तीन गाड्यांची भोके बुजवलेली निघाली. एकाने तर वर रंगही मारला होता. त्या तीन गाड्यांतून रोज नऊ माणसे दवाखान्यात येत होती.

 मास्तर खिडकीतून म्हणाले, "अरे, बघत काय उभे राहिलात? आमचं काम होईपर्यंत वस्तादांकडे जाऊन या." तिन्ही गाड्या तशाच वस्तादांच्या गॅरेजकडे निघाल्या. त्यांच्या मागोमाग धुळीने माखलेल्या शर्टात भाऊ चालत गेला, मला हातात घेऊन.

आता मी वस्तादांच्या टेबलावर असतो. पाणी फिरवायचे माझे दिवस संपले. गाड्या पुन्हा येऊ लागल्या आहेत, आणि लोक अजूनही येऊन तोच प्रश्न विचारतात, ओरिजिनल घालू की बाहेरचा? मित्रांनो, घरी गेल्यावर तुमच्या आई-बाबांना माझे उत्तर सांगा. परवडत असेल, मिळत असेल, तर ओरिजिनल खुशाल घ्या, तो माझा भाऊच आहे. बाहेरचा घेत असाल तर त्याच्या अंगावर नाव आहे का ते पाहा, दांडा फिरवून पाहा, बसवणाऱ्याला विचारा. ओरिजिनलचे सोंग घेतलेला फुकट दिला तरी घरात आणू नका. काहीही घेतलेत तरी गाडीखाली थेंब दिसला की तो का आला ते विचारा, त्याचे तोंड दाबू नका.

आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती आमच्या माथी मारून मोकळे होऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्हाला उघडले की आत सगळे दिसते.